वाचकांचे प्रश्न: दशमांश, जामीनकी आणि द्राक्षांचा सरवा

या वेळी आलेली बहुतेक पत्रे नाशिक शहर आणि जिल्ह्यातली आहेत, आणि एक सोडले तर सगळी पैशाबद्दल आहेत. लूकच्या १६ व्या अध्यायातला धनी कारभाऱ्याला बोलावून त्याच्याकडे हिशेब मागतो. आपल्या हाती जे आहे ते धन्याचे आहे आणि त्याचा हिशेब एक दिवस मांडायचा आहे, हे धरूनच खालची उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न: माझे यजमान सातपूर एमआयडीसीत कामाला आहेत. पगार २८,००० रुपये. पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स जाऊन हातात २६,००० येतात. त्यातून घराचा हप्ता ९,५०० जातो. दशमांश कशावर काढायचा? काही महिन्यांत किराणा उधारीवर आणावा लागतो, तेव्हा दानपेटीत पैसे टाकताना मनाला टोचणी लागते.
— एक भगिनी, सातपूर

उत्तर: हातात येणाऱ्या रकमेवर काढा. प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये सरकारचे आहेत. पीएफचे १,८०० आज तुमच्या ताब्यात नाहीत. ती रक्कम पुढे हाती येईल तेव्हा तिचा विचार करता येईल. घराचा हप्ता मात्र वजा करू नका. घर तुमच्याच नावावर होते आहे, तेव्हा तो तुमचाच खर्च. म्हणजे दहावा भाग झाला २,६०० रुपये.

आता टोचणीचे. मलाखी ३:१० हे वचन पुष्कळदा एवढ्या जोरात सांगितले जाते की ऐकणारा घाबरून देतो. जुन्या करारातला दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा होता आणि त्यावर लेव्यांचा, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचा, निर्वाह चालायचा. अनुवाद १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना खाऊ घालायचे. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा टक्का सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढावे, एवढेच तो सांगतो (१ करिंथ १६:२). किराणावाल्याचे पैसे थकवून पेटीत टाकलेली रक्कम खरे तर त्या किराणावाल्याची असते. तेव्हा उधारी आहे तोवर ३ टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे महिना ७८० रुपये. उधारी फिटली की दर सहा महिन्यांनी एकेक टक्का वाढवा. हे कमी विश्वासाचे लक्षण आहे असे कुणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

गाडी अडते ती बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटी. आधी सगळे खर्च करायचे आणि उरले तर द्यायचे, अशी सवय असली की काहीच उरत नाही. शिवाय पाच रविवारांचा महिना आला की चौथ्या रविवारी पाकीट रिकामे. म्हणून वर्षाचा हिशेब धरा. २,६०० गुणिले १२ म्हणजे ३१,२००. भागिले ५२ रविवार, म्हणजे दर रविवारी ६०० रुपये. ३ टक्क्यांनी तीच रक्कम १८० होते. पगार जमा झाला त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात वळवा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, नाहीतर दूध, रिक्षा, रिचार्ज असे करत ती आठ दिवसांत संपते. ओव्हरटाइम आणि दिवाळीच्या बोनसचा भाग वेगळा काढा आणि उरलेल्या बोनसमधून आधी उधारी मिटवा. भिशी लागली तर ती मिळकत समजू नका. आपलेच पैसे परत येतात, त्यावर दुसऱ्यांदा दशमांश नको.

वही दोघांनी मिळून लिहा. एकाने देणे आणि दुसऱ्याला नंतर कळणे, यातून घरात जी कटुता येते ती कुठल्याही रकमेने भरून निघत नाही.

प्रश्न: माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. वर्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम येतात. दान विक्रीच्या रकमेवर द्यायचे की खर्च वजा जाता? आणि लेवीय १९:१० मध्ये द्राक्षमळ्याचा सरवा गरिबांसाठी सोडायला सांगितला आहे, तो आजच्या बागेत कसा पाळायचा?
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर: खर्च वजा जाता, पण खर्च कशाला म्हणायचे ते आधी ठरवा. खरड छाटणीपासून काढणीपर्यंतची मजुरी, खते, औषधे, वीज, डिझेल आणि पीककर्जाचे व्याज हा बागेचा खर्च. मांडव आणि ठिबकची झीजही त्यात धरा: मांडवाला ३ लाख लागले आणि तो १५ वर्षे टिकणार असेल तर वर्षाला २०,०००. घरखर्च, मुलाची फी, लग्नकार्य हे बागेच्या खात्यात घालू नका. ते तुमच्या नफ्यातून होणारे खर्च आहेत. ते आधी वजा केले तर दरवर्षी बाग तोट्यातच दिसेल.

मिळकत कधी धरायची? पैसे खात्यात पडल्यावर. सौदा पावती म्हणजे पैसे नव्हेत. व्यापारी माल उचलून पसार होतो किंवा चेक परत येतो, हे जिल्ह्यात दर हंगामात कुणाच्या तरी वाट्याला येते. पावतीवर दान जाहीर करून मग ते फेडायला कर्ज काढू नका. तोट्याच्या वर्षी पैशाचे दान नसले तरी चालते. हंगामाच्या उपकारस्तुतीला चार क्रेट चांगली द्राक्षे न्या, ते पुरेसे आहे.

दानाच्याही आधी मजुरी. लेवीय १९:१३ म्हणते की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही, आणि याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरीच ओरडते. पेठ, सुरगाण्याहून येणारी जोडपी आठवड्याच्या बाजारावर जगतात. ‘व्यापाऱ्याचे पैसे आले की देतो’ हे उत्तर त्यांना देता येत नाही, कारण व्यापाऱ्याची जोखीम तुम्ही घेतली आहे, त्यांनी नाही. डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) किंवा थिनिंग (घडातले मणी विरळ करणे) ठेक्याने दिले असेल तर निम्मे काम झाल्यावर निम्मे पैसे द्या आणि उचल दिलेली असेल तर ती त्यांच्यासमोर वहीत वळती करा. हे जमले नाही तर चर्चमध्ये नेलेल्या क्रेटला फार अर्थ उरत नाही.

आता सरव्याचे. लेवीयमध्ये दोन गोष्टी आहेत: वेलीवरचे पुन्हा फिरून खुडायचे नाही आणि खाली पडलेले मणी वेचायचे नाहीत, ते गरीब आणि उपरी यांच्यासाठी. आज यातली पहिली गोष्ट पाळा. दुसरी जशीच्या तशी पाळली तर लोकांचे नुकसान होईल. खाली पडलेले मणी उन्हात आंबतात, त्यांवर गांधीलमाश्या बसतात आणि फवारणीचे औषध मातीत उतरलेले असते. ते कुणालाही खायला देऊ नका.

वेलीवर सोडायचे असेल तर सौद्याच्या वेळीच ठरवा. बाग उक्ती दिली की मांडवावरचा घडन्‌घड व्यापाऱ्याचा होतो. नंतर तुम्ही एक ओळ गरिबांसाठी राखलीत, तर ते व्यापाऱ्याच्या मालातून केलेले पुण्य. म्हणून सौदा पावतीवरच लिहून घ्या: ‘रस्त्याकडील एक ओळ सौद्यातून वगळली आहे.’ किलोने सौदा असेल तर सोपे आहे. काढणीची टोळी निघून गेल्यावर मागे राहिलेले बारके, विरळ, डागी घड तुमचेच असतात.

त्या ओळीलाही पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, लागू आहे. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय तो माल कुणाला देऊ नका, निर्यातीच्या मालाला जी शिस्त लावता तीच इथे. युरोपच्या ग्राहकाला अवशेषमुक्त द्राक्षे आणि मजुराच्या लेकराला कशीही, असा फरक देवापुढे मांडता येणार नाही.

माल जास्त राहिला असेल तर तो बेदाण्याला वळवा आणि हे काम महिला मंडळाला किंवा मजूर कुटुंबांनाच द्या. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर निदान २२ ब्रिक्स दिसली पाहिजे; त्याखाली उतारा घटतो आणि बेदाणा आंबट, सुरकुतलेला होतो. १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलिएट (आपले डिपिंग ऑइल) नीट ढवळा, दोन्ही खाद्य दर्जाचे घ्या. धुतलेले घड जाळीच्या क्रेटमध्ये घालून २ ते ५ मिनिटे बुडवा, निथळू द्या आणि सावलीतल्या रॅकवर एका थरात पसरा. द्रावण अल्कधर्मी असते, हातमोजे घालाच. हवा खेळती असेल तर १२ ते १५ दिवसांत माल वाळतो. १०० किलो द्राक्षांचा साधारण २५ किलो बेदाणा होतो. घड एकावर एक पडले की आतला माल काळा पडतो आणि बुरशी धरतो. मार्चमध्ये अवकाळी येतो तेव्हा रॅकला बाजूने कापड हवे. पण पाऊस थांबताच ते वर करा, नाहीतर दमट हवा आत कोंडते. बेदाण्याचे पैसे ज्यांनी खुडले आणि वाळवले त्यांच्यात वाटा. चर्चसाठी त्यातून काही कापून घेऊ नका, तो सरवा त्यांचा आहे.

प्रश्न: मंडळीतले एक बंधू पतसंस्थेतून ३ लाखांचे कर्ज काढत आहेत आणि मला जामीन राहायला सांगत आहेत. ‘फक्त सही करायची आहे’ असे म्हणतात. नाही म्हटले तर बंधुप्रीती कमी पडते का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: नाही म्हणा. नीतिसूत्रे ६:१-५ मध्ये जामीन राहिलेल्याला सांगितले आहे की झोपू नको, आधी जाऊन स्वतःला सोडवून घे. नीतिसूत्रे २२:२६-२७ तर अंगाखालचे अंथरूण जाईल इथपर्यंत सांगते.

कायदाही तितकाच कडक आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराकडून वसूल करून पाहिले पाहिजे असे बंधन नाही. हप्ते थकले की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्यावर कर्जदारासोबत जामीनदाराचेही नाव असते आणि पगारातून कपात किंवा मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. थकबाकी तुमच्या पतअहवालात दिसू लागते आणि पुढे तुमचेच गृहकर्ज अडते. ‘फक्त सही’ म्हणजे ३ लाख अधिक व्याज अधिक वसुलीखर्च.

मग बंधूला वाऱ्यावर सोडायचे का? मुळीच नाही. परत आले नाहीत तरी घर चालेल एवढी रक्कम, ५,००० असो की २०,०००, देणगी म्हणून द्या. त्यांच्यासोबत बसून सगळी कर्जे एका कागदावर मांडा: कुणाचे, किती, काय दराने. त्यातले सावकाराचे कर्ज आधी फेडायला घ्या, कारण शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. घरात सोने असेल तर बँकेचे सोनेतारण त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि त्याला जामीनदारही लागत नाही.

आधीच सही केली असेल तर संस्थेकडे कर्जखात्याचा उतारा लेखी मागा आणि दर तीन महिन्यांनी हप्ते भरले जात आहेत का ते पाहा. पहिला हप्ता थकला तेव्हाच बोलणे सोपे असते.

प्रश्न: मुलीच्या लग्नासाठी १ लाख हवेत. एजंट १२ टक्के ‘फ्लॅट’ म्हणतो, बँक १४ टक्के. एजंटचे स्वस्त ना?
— एक पालक, सिडको

उत्तर: महाग आहे. फ्लॅट दरात तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पूर्ण लाखावरच लागत राहते. दोन वर्षांसाठी २४,००० व्याज, हप्ता ५,१६७. हा घटत्या शिलकेवरचा सुमारे साडेएकवीस टक्के दर झाला. बँकेच्या १४ टक्क्यांना हप्ता साधारण ४,८०० आणि एकूण व्याज १५,२०० च्या आसपास. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले आहे (लूक १४:२८). तो अंदाज जेवणावळीच्या पानांपासून सुरू करा. २०० पाने कमी झाली तर कदाचित कर्जच लागणार नाही.

प्रश्न: मोबाइलवर एक प्रचारक १,००१ रुपयांचे ‘विश्वासाचे बी’ पेरायला सांगतात, शंभरपट मिळेल म्हणतात. आई औषधाच्या पैशांतून पाठवते.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: आईला प्रेमाने थांबवा. देवाची देणगी पैशाने मिळवू पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये त्यांच्यासोबत वाचा. आईबापांच्या वाट्याचे देवाला अर्पण म्हणून जाहीर करण्यालाही प्रभूने दोष दिला आहे (मार्क ७:११-१३). आईचे औषध आधी. ज्याला पाठवायचे त्याच्याकडे नोंदणीकृत ट्रस्टची पावती आणि ट्रस्टच्याच नावाचे खाते नसेल, तर एक रुपयाही पाठवू नका.

प्रश्न: मला मंडळीचे खजिनदार केले आहे. दानाची मोजणी, ठेवी आणि पावत्या यांची पद्धत कशी असावी? कमिटीतले काही जण म्हणतात, पतसंस्थेत जास्त व्याज मिळते, ८ लाखांचा इमारत निधी तिथे ठेवू.
— खजिनदार, नाशिकरोड

उत्तर: पौलाने यरुशलेमची मदत एकट्याने नेली नाही. देवासमोर आणि माणसांसमोरही सगळे नीट दिसावे म्हणून त्याने सोबत माणसे घेतली (२ करिंथ ८:२०-२१). तुमच्यावर विश्वास आहे म्हणून दुसरा मोजणारा नको, असे कुणी म्हटले तर ऐकू नका. दुसरा माणूस तुमचे नाव जपतो.

उपासना संपताच, त्याच इमारतीत, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावे. ५०० च्या किती, २०० च्या किती, असे नोटांचे विवरण एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत जावी. चहा, फुले, रिक्षाचे पैसे थेट पेटीतून देऊ नका. त्यासाठी २,००० रुपयांची किरकोळ रोख वेगळी ठेवा आणि व्हाउचरवर खर्च टाका. पेटीतून परस्पर खर्च झाला की जमा आणि खर्च दोन्ही पुस्तकात कमी दिसतात आणि वर्षाअखेर ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर राहत नाही. भिंतीवर लावलेला क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या किंवा सेक्रेटरींच्या वैयक्तिक खात्याचा कोड आजच काढा.

आता ८ लाख. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट किंवा शासनमान्य सहकारी बँक यांतच ठेवायचा असतो. पतसंस्था त्यात बसत नाही. शिवाय ठेव विमा फक्त बँकांना आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. म्हणून ८ लाख दोन बँकांत चार-चार ठेवा. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी मंडळीने थेंबे थेंबे साठवलेला निधी पणाला लावणे हा कारभार नव्हे. आणि इमारत निधीतून पगार भागवू नका, ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ असे म्हणूनही नाही.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहिला की बँक सह्या बदलत नाही आणि जुन्या, कधी दिवंगत विश्वस्ताच्या सहीवर खाते अडकून पडते. करसवलतीचे विचारणाऱ्यांना सरळ सांगा: केवळ धार्मिक ट्रस्टला सहसा ८०जी मिळत नाही, २,००० रुपयांवरच्या रोख दानाला ती सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही. होणार नसलेल्या सवलतीचे आश्वासन देऊन दान घेऊ नका.

प्रश्न: आमच्या चर्चचे छप्पर मोठे आहे आणि उन्हाळ्यात बोअर आटतो. पावसाचे पाणी धरण्यासाठी २०,००० लिटरची टाकी घ्यावी असा प्रस्ताव आहे.
— एक सभासद, शरणपूर रोड

उत्तर: टाकीच्या आधी हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छताखालची जागा २० गुणिले १० मीटर, म्हणजे २०० चौरस मीटर असेल आणि हंगामात ६०० मिमी पाऊस धरला, कौलांवरून ८० टक्के पाणी हाती लागेल असे मानले, तर ९६,००० लिटर होतात. २०,००० लिटरची टाकी सव्वाशे मिमी पावसातच भरते, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच, आणि मग पुढचे सगळे पाणी गटारात. शिवाय ज्या दिवसांत ती भरलेली असते त्या दिवसांत पाण्याची टंचाई नसते. ५,००० लिटरची टाकी धुण्या-पुसण्यासाठी घ्या आणि बाकीचे पाणी बोअरच्या पुनर्भरणाला वळवा.

मृगाच्या आधी पन्हळी साफ करून घ्या. उतरत्या पाइपला टी जोडून पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह बसवा. २०० चौरस मीटरला निदान २०० लिटर तरी सोडून द्यावे लागते, कारण त्यात धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते. हा व्हॉल्व्ह फिरवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा, नाहीतर पहिल्या सरीचा गाळ थेट बोअरमध्ये उतरतो आणि बोअर कायमचा बुजू शकतो. गाळणखड्ड्यात खाली दगडगोटे, मध्ये खडी आणि वर जाड वाळू, प्रत्येकी एक फूट. वाळू आणि खडीमध्ये नायलॉनची जाळी. वाळूचा वरचा दोन इंच थर दरवर्षी काढून धुवा. खड्डा शौचालयाच्या टाकीपासून १५ मीटर तरी दूर ठेवा, आणि गाड्या लावतात त्या अंगणातले पाणी त्यात येऊ देऊ नका. त्यात ऑइल असते.